द्रव झेनॉनशेजारचा वायू : प्रस्तावना

द्रव झेनॉनमधून एखादा भारित कण गेला की क्षणभर उजेड पडतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी सुमारे १७५ नॅनोमीटर, म्हणजे अतिनीलाच्याही पार टोकाची. कृष्णद्रव्याचा शोध घेणारे मोठे प्रयोग या मोजक्या फोटॉनांच्या भरवशावर उभे आहेत. इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखालच्या झेनॉन-एनटी प्रयोगात ते टिपायला ४९४ प्रकाशगुणक नळ्या लावल्या आहेत. नळ्या उत्तम, पण महाग. शिवाय त्यांचे तोंड गोल, म्हणून दोन नळ्यांमधली जागा वाया जाते.

मग सपाट आणि हवा तेवढा मोठा, वायूवर चालणारा संवेदक का नको? या प्रश्नामागे चिकाटीने लागलेल्यांत इस्राएलच्या वाइझमन संस्थेतला अमोस ब्रेस्किन यांचा गट ठळक आहे. त्यांचे साधन दिसायला अगदी गरीब : दोन्ही अंगांना तांबे असलेली सर्किट बोर्डाची पट्टी, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि ड्रिलने पाडलेली असंख्य भोके. वरच्या अंगावर सीझियम आयोडाइडचा थर. क्वार्ट्झच्या खिडकीतून आलेला फोटॉन थरावर पडतो, इलेक्ट्रॉन सुटतो, भोकातल्या प्रखर विद्युतक्षेत्रात ओढला जातो आणि वायूच्या अणूंवर आदळत एकाचे अनेक होतात; हाच इलेक्ट्रॉनांचा प्रपात. अशा तीन पट्ट्या एकाखाली एक लावल्या की ही वाढ लाखाच्या घरात जाते.

खरी मेख थंडीत आहे. द्रव झेनॉन उणे १०८ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या शेजारचा वायू स्वतःच द्रव होऊन चालत नाही. म्हणून निऑन, जो उणे २४६ अंशांपर्यंत वायूच राहतो. पण नुसत्या निऑनमध्ये थरातून सुटलेले बरेच इलेक्ट्रॉन अणूंवर आपटून माघारी थरातच जातात. त्यात थोडा मिथेन मिसळला की माघार कमी होते. दाब तोच ठेवून वायू गार केला तर त्याची घनता वाढते, त्यामुळे खोलीच्या तापमानाला जुळवलेला व्होल्टेज इथे पुरत नाही.

मोठ्या प्रयोगांनी नळ्यांची साथ अजून सोडलेली नाही, आणि ते रास्तच आहे : ठिणग्या पडणे आणि आयन उलटे वाहून थराला इजा करणे, हे दोन्ही त्रास पूर्ण मिटलेले नाहीत. नवख्या वाचकाने इलेक्ट्रॉनांच्या प्रपातापासून वाचायला सुरुवात करावी. तो विषय ज्यांच्या हाताखालून गेला आहे, त्यांनी सरळ सीझियम आयोडाइडकडे वळावे. करण्यासारखे काम तिथेच जास्त आहे.