सुट्टीतील नाट्यदर्शन : हळ्ळीखेड परिसर आणि मराठी बालरंगभूमी

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड (बी) या गावाच्या नावातच सीमाभागाची कहाणी ऐकू येते. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे गाव आणि मराठीत ‘खेडे’ म्हणजेही गाव. कंसातील ‘बी’ हे ‘बुजुर्ग’ या फार्सी शब्दाचे संक्षिप्त रूप असून, एकाच नावाच्या दोन गावांपैकी थोरले ते बुजुर्ग आणि धाकटे ते खुर्द, ही दख्खनमधील जुनी महसुली रीत होय. कन्नड, मराठी आणि दख्खनी अशा तिन्ही बोली ज्या मुलखात घरोघर नांदल्या, त्या मुलखात कुटुंबाने मुलाबाळांसह नाटक, गाणे वा खेळ पाहावयास जाणे म्हणजे काय होते आणि त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. मुलाच्या कानावर कोणती भाषा कोणत्या रूपात पडते, याच्याशी तो निगडित आहे.

शाळेची सुट्टी ही तशी अलीकडची गोष्ट आहे. शाळा सर्वत्र पोहोचण्यापूर्वी कुटुंबाच्या विरंगुळ्याचे वेळापत्रक पंचांग आणि पीकपाणी ठरवीत असे. सुगी आटोपली, बैलांना उसंत मिळाली, की गाड्या जत्रेच्या वाटेला लागत. हळ्ळीखेडच्या परिसरात अशा जत्रांची उणीव नव्हती. भालकी तालुक्यात खानापूरजवळ मैलार मल्लण्णाचे, म्हणजे मराठी माणसाच्या खंडोबाचे, ठाणे आहे. हुमनाबादेस वीरभद्रेश्वराची मोठी यात्रा भरते. कलबुर्गीस होळीनंतर शरणबसवेश्वराचा रथ निघतो आणि त्या यात्रेत कन्नड नाटक कंपन्यांचे तंबू उभे राहण्याची परंपरा आहे. मैलारला वाघ्या-मुरळी, गावोगाव बयलाट, तर मराठी घरांतून गोंधळ आणि भारूड, असा हा सारा खेळ होता. यांतील काहीही ‘मुलांसाठी’ म्हणून वेगळे काढलेले नव्हते. आजीच्या मांडीवरचे नातवंड आणि कट्ट्यावरचा वृद्ध एकच खेळ पाहत. मुलाला निम्मे कळे, निम्मे त्याच्या मनात साठून राही. झोप अनावर झाली की ते तेथेच घोंगडीवर लवंडे आणि झांजांच्या गजराने पुन्हा जागे होई.

या परिसराच्या कलाजीवनात हुमनाबादला लागून असलेल्या माणिकनगरचे स्थान निराळे आहे. श्री माणिकप्रभू (१८१७-१८६५) यांनी १८४५ साली वसविलेल्या या संस्थानात मार्गशीर्षातील दत्तजयंतीचा उत्सव दरबाराच्या थाटात साजरा होतो, आणि त्या दरबारात गायन-वादनाला मानाचे आसन असते. प्रभूंनी स्वतः मराठी, कन्नड, हिंदी, संस्कृत अशा अनेक भाषांत पदे रचली. भाषेच्या आणि पंथाच्या भिंतींना न जुमानणाऱ्या त्यांच्या सकलमत संप्रदायाला ते साजेसेच होते. तिकीट न काढता आणि घराण्याचा किंवा जातीचा दाखला न देता उत्तम गाणे ऐकावयास मिळावे, अशी ही जागा. आसपासच्या खेड्यांतील कितीतरी कुटुंबांना अभिजात संगीताची तोंडओळख एखाद्या सभागृहात न होता दरबाराच्या अशा जागरणात झाली असेल.

मराठी रंगभूमी आणि कर्नाटक यांचा संबंध तर जन्मापासूनचा आहे. उत्तर कन्नडातील कर्की येथील भागवतांची मंडळी १८४२ साली सांगलीस आली. त्यांचा खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तशा धर्तीचे परंतु अधिक नेटके काही करण्याची आज्ञा केली, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. पुढे संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत झाला. सणासुदीला घरी पाहुणे जमावेत आणि सर्वांनी मिळून नाटकाला जावे, ही मराठी मध्यमवर्गाची रीत त्यानंतरच्या अर्धशतकात रुजली. मराठी नाट्यसंगीताचा ठसा पुढे उत्तर कर्नाटकातील कन्नड कंपन्यांवर उमटला. कर्कीकरांचे ऋण अशा रीतीने काही अंशी फिटले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि या वैभवाच्या काळात मुलांचे स्वतःचे असे नाटक मराठीत नव्हते. मुले रंगमंचावर मात्र होती. दामुअण्णा जोशी यांच्या ‘बालमोहन नाटक मंडळी’चा नावलौकिक बालनटांवरच उभा होता. छोटा गंधर्व या नावाने महाराष्ट्राला वेड लावणारे सौदागर नागनाथ गोरे याच मंडळीतून पुढे आले, आणि आचार्य अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ १९३३ साली याच मंडळीने सादर केले. परंतु ही मुले खेळत होती ते नाटक मोठ्यांचे, मोठ्यांसाठीच लिहिलेले. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगात प्रेक्षागारातील मुलाच्या वाट्याला येई ती पहिल्या अंकाची जाग आणि तिसऱ्या अंकाची झोप.

इतरत्र मात्र मुलांची सुट्टी आणि रंगभूमी यांची गाठ आधीच पडली होती. लंडनमध्ये जे. एम. बॅरी यांचे ‘पीटर पॅन’ २७ डिसेंबर १९०४ रोजी, नाताळच्या सुट्टीत प्रथम रंगले, आणि पुढे दरवर्षी त्याच सुमारास ते पाहणे हा तेथील कुटुंबांचा परिपाठ झाला. मॉस्कोत नतालिया सात्स यांच्या बालरंगभूमीसाठी प्रोकोफिएव्ह यांनी १९३६ साली ‘पीटर आणि लांडगा’ ही संगीतकथा रचली. तिच्यातील प्रत्येक पात्राला एकेक वाद्य नेमून दिलेले असल्यामुळे गोष्ट ऐकता ऐकता मुलाला वाद्यवृंदाची ओळख होते. बालप्रेक्षक हा अर्धवट प्रौढ नसून पूर्ण प्रेक्षक आहे, हा विचार या दोन्ही उपक्रमांच्या मुळाशी होता.

मराठीत हा विचार व्यवस्थितपणे मूर्त झाला तो १९५९ साली. अमेरिकेतील बालरंगभूमीचा अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकर (१९३४-२०१८) यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी सुरू केली आणि ‘मधुमंजिरी’ हे नाटक मंचावर आणले. त्यातील चेटकिणीची भूमिका त्या स्वतः करीत. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, संगीत यांपैकी कशातही ‘मुलांचेच तर आहे’ अशी सवलत त्यांनी घेतली नाही. १९६२ मध्ये रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी ‘बालनाट्य’ ही संस्था स्थापन केली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’, ‘अचाटगावची अफाट मावशी’ ही त्यांची नाटके केवळ मुंबईची न राहता पुस्तकरूपाने गावोगावच्या शाळांत आणि वाचनालयांत पोहोचली. ‘अलबत्या गलबत्या’मध्ये दिलीप प्रभावळकर यांनी रंगविलेली चेटकीण एका पिढीच्या स्मरणात राहिली आणि २०१८ मध्ये हेच नाटक नव्या संचात आले, तेव्हा त्या पिढीतील माणसे आपल्या मुला-नातवंडांना घेऊन नाट्यगृहात आली. पुण्यात सई परांजपे यांनी मुलांसाठी नाटके लिहून बसविली. ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाळा’ या बालविभागाने सुलभा देशपांडे यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य उभे केले. शहरातील मुलांचा मोठा मेळा त्यात नाचत-गात होता.

या चळवळीला वेळ मिळवून दिला तो दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीने. रात्रीचे नाटक सकाळी वा दुपारी आले, पाच अंकांचे दोन तासांवर आले आणि प्रेक्षागारात बोलण्याला, हसण्याला, चेटकिणीला ओरडून दटावण्यालाही मुभा मिळाली. मुलांच्या नाटकाला मूल कधी एकटे येत नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच्यासोबत आई-वडील, आत्या वा आजोबा असतात. घरी परतताना राक्षस खरा होता की खोटा यावर जो वाद रंगतो, तो नाटकाचाच शेवटचा प्रवेश समजावा. घरात एरवी हुकूम आणि उत्तरे यांपुरते उरलेले संभाषण त्या वाटेवर मोकळे होते.

सीमाभागाची गोष्ट मात्र वेगळी घडली. निजामाच्या राजवटीत हळ्ळीखेडचा परिसर हैदराबाद संस्थानात होता. तेथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे, सरकारी कारभार फसली सनाने चाले आणि वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होई. सार्वजनिक सभांवर परवानगीचे निर्बंध आल्यानंतर ग्रंथालये, उत्सव आणि खाजगी शाळा हीच मराठी, कन्नड आणि तेलुगू भाषकांची एकत्र येण्याची ठिकाणे राहिली. हैदराबादेत १९३१ साली श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर उमजते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, तर बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले.

या विभागणीचा एक परिणाम नकाशावर दिसत नाही; तो घराघरांतील दिनदर्शिकेवर दिसतो. कर्नाटकात शाळांची मधली सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रात दिवाळीची. कर्नाटकात उन्हाळी सुट्टी एप्रिलमध्येच लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतात. महाराष्ट्रातील मुले त्याच सुमारास सुट्टीच्या मध्यावर असतात. उदगीरच्या मामाकडे जाणारा भाचा दसऱ्यात मोकळा असतो, तेव्हा मामेभाऊ शाळेत. आणि मामेभाऊ दिवाळीत मोकळा होतो, तेव्हा भाच्याची शाळा पुन्हा सुरू झालेली असते. दोन्हींकडची मुले एकत्र येण्याचा भरवशाचा काळ उरतो तो मे महिन्याचा. बालनाट्याचा प्रयोग सीमाभागात आणावयाचा तर तो केव्हा, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

अर्थात वेळ जुळली तरी अंतर राहतेच. सुसज्ज नाट्यगृह पाहावयाचे तर सोलापूर, हैदराबाद वा कलबुर्गी गाठावी लागते, आणि चौघांच्या कुटुंबाला तिकिटांपेक्षा प्रवासाचाच खर्च अधिक येतो. बीदर-कलबुर्गी लोहमार्ग ऑक्टोबर २०१७ मध्ये पूर्ण होऊन खुला झाला आणि हळ्ळीखेड, हुमनाबाद ही स्थानके त्यावर आली, तेव्हा हे अंतर थोडे कमी झाले. कलबुर्गीत थोर चित्रकार एस. एम. पंडित यांच्या नावाचे रंगमंदिर आहे आणि कर्नाटक शासनाच्या ‘रंगायण’चे केंद्रही आहे. ‘रंगायण’ची मूळ संस्था १९८९ साली म्हैसूर येथे बा. वें. कारंत यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. लहानपणी घर सोडून गुब्बी कंपनीत दाखल झालेल्या कारंतांनी मुलांसाठी ‘पंजर शाले’सारखी नाटके बसविली, आणि रंगायणाचा उन्हाळी ‘चिन्नर मेळा’ हा कन्नड मुलांच्या सुट्टीचा एक मानबिंदू ठरला. सीमाभागातील मराठी कुटुंबाने तेथे आपली मुले जरूर न्यावीत. कर्कीच्या भागवतांकडून नाटक शिकलेल्या भाषेच्या लेकरांना कन्नड रंगभूमी परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु त्यामुळे मराठी नाटकाची गरज भागते, असे मात्र नाही. ज्या मुलाची शाळा कन्नड वा इंग्रजी आहे, त्याच्यापुरती मराठी ही स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंतची भाषा उरते. तिच्यात प्रेम असते, रागावणे असते. पण राजा, प्रधान, विदूषक, जंगल, न्याय, कपट यांची मराठी त्याला ठाऊक नसते. पुस्तक ती देऊ शकते, परंतु ज्याला देवनागरी वाचताना अडखळावे लागते, ते मूल पुस्तकापाशी थांबत नाही. नाटकात मात्र त्याला अक्षरांचा अडसर नाही. शब्द कानांवर पडतो तेव्हाच त्याचा अर्थ डोळ्यांपुढे उभा असतो. दोन तासांत शेकडो शब्द असे आपसूक ओळखीचे होतात, आणि मग तेच नाटक पुस्तकात छापलेले दिसले, तर ते मूल ते हाती घेते. नाट्यगृहातून ग्रंथालयाकडे येणारी ही वाट सीमाभागात सर्वांत जवळची आहे.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीर येथे पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा कर्नाटकातील शाळांना सुट्टी लागलेली होती. जुन्या बीदर जिल्ह्याच्या एका तुकड्यात भरलेला तो उत्सव दुसऱ्या तुकड्यातील कुटुंबांच्या आवाक्यात होता. असा योग मात्र पिढीत एकदा येतो. सुट्टी दरवर्षी येते. जुन्या ग्रंथालयांपाशी दिवाणखान्याएवढे का होईना, एक सभागृह असते, कपाटात बालनाट्यांच्या संहिता असतात आणि सभासदांत एखादा जुना हौशी नट हमखास असतो. मे महिन्यातील चार दुपारी, एक सतरंजी आणि दहा मुले, एवढ्यावर वाचिक प्रयोग उभा राहतो. पडदा आणि रंगपट मागाहून येतात. विष्णुदासांनाही आरंभी याहून फार काही उपलब्ध नव्हते. त्यांच्यापाशी होती ती पाहुण्या कन्नड मंडळींचा खेळ पाहून जागी झालेली ईर्षा, आणि पाठीशी उभा राहणारा एक आश्रयदाता. हळ्ळीखेडसारख्या गावांत ती ईर्षा आजही जागी होऊ शकेल. आश्रयदात्याची जागा मात्र आता संस्थानिकांनी नव्हे, तर ग्रंथालयांनी आणि त्यांच्या सभासदांनी भरावयाची आहे.