कामाला हातच लागत नाही तेव्हा

शिक्षिका फळ्यावर पाच गणिते लिहितात आणि वर्गातील वह्यांवर पेन्सिली चालू लागतात. एखादे मूल मात्र वही उघडून तसेच बसून राहते. पेन्सिलीला टोक काढते, खोडरबर शोधते, शेजाऱ्याच्या वहीकडे पाहते. दहा मिनिटांनी पाहावे तर पानावर केवळ तारीख असते. अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, परंतु आळशी’ असा शेरा पडतो. त्यातील दुसरे विशेषण बहुधा अन्यायाचे असते, असे आम्हांस वाटते.

सूचना ध्यानात ठेवणे, लक्ष आवरणे, वेळेचा अंदाज घेणे यांसारख्या क्षमतांना मानसशास्त्रात कार्यकारी क्षमता म्हणतात. कामास आरंभ करणे ही त्यांपैकीच एक. पेग डॉसन व रिचर्ड ग्वेअर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तिची गणना स्वतंत्र कौशल्य म्हणून केली आहे. बुद्धी आणि ही क्षमता एक नव्हेत. म्हणूनच तोंडी बिनचूक उत्तर देणारे मूल लिहावयाच्या वेळी अडून बसते. मेंदूचा कपाळामागील भाग या कामी प्रमुख असून त्याची वाढ विशी ओलांडल्यावरही चालू असते. अवधानन्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या मुलांत मेंदूची ही वाढ मंद असते. फिलिप शॉ व सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांच्या मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ इतरांपेक्षा सुमारे तीन वर्षे मागे आढळली.

अर्थात, थबकणारे प्रत्येक मूल एडीएचडीचेच नसते. एखाद्याला फळा नीट दिसत नाही, एखाद्याला वाचनाचीच अडचण असते. काहींना चुकण्याची धास्ती इतकी असते की कोरे पान त्यांना सुरक्षित वाटते. सुंदर अक्षराची मुले यात पुष्कळदा सापडतात. म्हणून आधी डोळे व कान तपासावेत. वाचन-लेखनाची अडचण दिसल्यास तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यावी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ही सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात.

निदान काहीही असो, मदत पहिल्या मिनिटालाच हवी. ‘अजून सुरू नाही केलेस?’ या प्रश्नात मुलाला करण्याजोगे काहीच नसते. त्याऐवजी बाकाजवळ जाऊन हळू आवाजात ‘पहिले गणित उतरव, मी पाहते’ असे म्हटले तर हात हलतो. निबंध असेल तर पहिले वाक्य मुलाने तोंडी सांगावे व तेच लिहावे. पाच गणितांपैकी चार कागदाने झाकून ठेवली तरी ओझे हलके होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अभ्यासलेली ‘जर-तर’ पद्धतही उपयोगी पडते. ‘अभ्यास करीन’ हा संकल्प मोघम राहतो. ‘दूध पिऊन झाले की गणिताची वही उघडीन’ यात मात्र वेळ आणि कृती दोन्ही ठरलेल्या असतात. घरी ही योजना मुलाच्याच तोंडून वदवून घ्यावी. आईने ठरवलेली योजना आईलाच पाळावी लागते!

हा आधार काही आठवड्यांनी काढून घेण्याची घाई मात्र करू नये. आधी बाकाजवळ जाणे थांबवावे, मग नुसती नजरेची खूण पुरते का ते पाहावे, आणि मूल पुन्हा अडले तर पुन्हा बाकाजवळ जावे.