पन्हाळा–पावनखिंड पदभ्रमंती मोहीम

पन्हाळा–पावनखिंड पदभ्रमंती मोहीम ही कोल्हापूर जिल्ह्यात दरवर्षी पावसाळ्यात, मुख्यतः जुलै महिन्यात, निघणारी दोन दिवसांची सामूहिक पायी यात्रा होय. छत्रपती शिवाजी महाराजांनी इ.स. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगड गाठला, त्या प्रवासाच्या स्मरणार्थ ती काढली जाते. पन्हाळगडापासून शाहूवाडी तालुक्यातील पावनखिंडीपर्यंतचे हे अंतर वाटेनुसार ५० ते ६० कि.मी. भरते. ही मोहीम कोणा एका संस्थेची नाही. कोल्हापुरातील हिल रायडर्ससारख्या गिर्यारोहण संस्था, तालीम मंडळे, महाविद्यालये आणि जिल्ह्याबाहेरील भटक्यांचे गट आपापल्या सोयीने ती आयोजित करतात. बहुतेक गट शनिवार-रविवार पाहून निघत असल्यामुळे जुलैतील प्रत्येक आठवडाअखेरीस या वाटेवर एकामागून एक तुकड्या चालताना दिसतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अफजलखानाच्या वधानंतर थोड्याच दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, पन्हाळा मराठ्यांच्या ताब्यात आला. मार्च १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतील इंग्रजही हेन्री रेव्हिंग्टनच्या नेतृत्वाखाली तोफा घेऊन त्याच्या मदतीस आले. पावसाळ्यातही वेढा सैल होईना, तेव्हा आषाढ पौर्णिमेच्या रात्री महाराज निवडक मावळ्यांसह गडावरून उतरले. पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीतून शत्रूच्या हाती लागला आणि त्याने प्राण दिले. पाठलाग करणाऱ्या फौजेला बाजीप्रभू देशपांडे यांनी बांदलांच्या तुकडीसह घोडखिंडीत रोखून धरले व तेथेच ते धारातीर्थी पडले. घोडखिंड पुढे पावनखिंड म्हणून ओळखली जाऊ लागली. विशाळगडालाही (तत्कालीन खेळणा) सूर्यराव सुर्वे व जसवंतराव दळवी यांचा वेढा होता. तो फोडून महाराजांना गडावर प्रवेश करावा लागला. बाजीप्रभू व त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत.

या प्रसंगाची नोंद जेधे शकावलीत आहे. मात्र ती त्रोटक असून महाराज कोणकोणत्या गावांवरून गेले हे तीवरून कळत नाही. बरोबर असलेल्या मावळ्यांची संख्याही निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळी दिली आहे. त्यामुळे आज ज्याला ‘शिवरायांचा मार्ग’ म्हटले जाते तो स्थानिक परंपरा, भूगोल आणि चालणाऱ्यांची वहिवाट यांतून ठरत आलेला मार्ग आहे, हे लक्षात ठेवणे इष्ट.

मार्ग

प्रारंभ पन्हाळ्यावरील बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी होतो. पूजन झाल्यावर अनेक गटांत मर्दानी खेळांची प्रात्यक्षिके किंवा पोवाडा होतो आणि मग तुकड्या राजदिंडीच्या वाटेने गड उतरतात. महाराज याच दिंडीतून बाहेर पडले असे परंपरा सांगते. तुरुकवाडी व म्हाळुंगे ही गावे मागे टाकून पहिली मोठी चढण लागते ती मसाई पठाराची.

मसाई पठार हा पहिल्या दिवसाचा सर्वांत लांब आणि सर्वांत उघडा टप्पा. जांभ्या दगडाच्या या सड्यावर आडोशाला झाड नाही. जुलैत येथे धुके इतके दाट असते की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. पठारावर पायवाटा फुटत जातात आणि चुकलेला गट भलत्याच वाडीत उतरतो. म्हणून जाणते आयोजक या टप्प्यावर पुढे एक व मागे एक वाटाड्या ठेवतात आणि शिट्टीच्या खुणा ठरवून देतात. पठारावर मसाई देवीचे मंदिर असून कड्याच्या पोटात पांडवदऱ्याच्या लेणी आहेत.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी असे करीत मोहीम करपेवाडीच्या परिसरात मुक्कामाला येते. दुसऱ्या दिवशी रिंगेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे या बाजूने पांढरेपाणी गाठावयाचे असते. अंतराने हा टप्पा फार मोठा वाटत नाही, पण चालणाऱ्याचा कस येथेच लागतो. गुडघाभर चिखल, रोप लागणीने भरलेल्या खाचरांचे बांध, जळवा आणि वारंवार आडवे येणारे ओढे यांमुळे वेग निम्म्यावर येतो. जंगलाच्या पट्ट्यात गव्यांचा वावर आहे. पांढरेपाण्याहून पावनखिंड जवळ आहे. खिंडीत उतरण्यासाठी पायऱ्या व लोखंडी शिडी बसविलेली आहे. भर पावसात खिंडीच्या तळातून पाण्याचा लोंढा वाहत असतो, अशा वेळी वरूनच अभिवादन करून परतणे शहाणपणाचे. बहुतेक गट येथे समारोप करून मलकापूरमार्गे कोल्हापुरास परततात. थोडे गट विशाळगडापर्यंत जातात.

तारखेचा प्रश्न

मोहीम केव्हा काढावी याबाबत एकवाक्यता नाही. काही गट आषाढ पौर्णिमा व वद्य प्रतिपदा ही तिथी पाळतात, काही १२ व १३ जुलै या तारखा. या तारखा जुन्या ज्युलियन कालगणनेच्या आहेत. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे तो दिवस २२ जुलै १६६० येतो. पाऊसपाण्याचा विचार करता तिथीच मूळ प्रसंगाच्या अधिक जवळची ठरते. प्रत्यक्षात मात्र नोकरदार व विद्यार्थी यांच्या सुट्टीवर सारे अवलंबून असल्याने सर्वाधिक गर्दी या दोहोंच्या आगेमागे येणाऱ्या शनिवार-रविवारी होते. मूळ प्रवास रात्रीचा व एका दमाचा होता. आजची चाल दिवसाची, मुक्काम घेऊन केलेली असते. क्वचित एखादा गट एका दिवसात सर्व अंतर तोडतो, परंतु पावसाळी वाटेवर अनुभवाविना हे करणे धोक्याचे आहे.

मुक्काम आणि वाटेवरील गावे

करपेवाडी परिसरातील घरे, शाळांच्या खोल्या व मंदिरे यांवर मोहिमेचा मुक्काम अवलंबून असतो. बोजड सामान टेम्पोने पुढे जाते. आयोजक आचारी नेतात, किंवा गावकऱ्यांकडून झुणका-भाकरी, आमटी-भात यांची सोय करून घेतात. त्यातून लहान वाड्यांना थोडे उत्पन्न मिळते. मात्र हा काळ लागणीचा असल्याने घरातील बहुतेक माणसे शेतात असतात, ही गोष्ट शहरातून येणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. एका रात्री काही शेकडा माणसे उतरली की पाणी, शौचालये आणि कचरा यांचा भार काही घरांच्या वाडीवर पडतो. नव्याने लावलेल्या रोपांतून वाट काढली गेल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते. त्यामुळे काही संस्था बांधावरूनच चालण्याचा दंडक घालतात व कचरा परत आणण्यासाठी प्रत्येकाला पिशवी देतात.

मसाई पठाराची चिंता निराळी आहे. राज्य शासनाने त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आहे. सड्यावरील मातीचा थर बोटभर जाडीचा असतो आणि त्यावर दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती पावसाळ्यातच वाढतात. एका पायवाटेने चालणाऱ्या तुकडीने फारसे बिघडत नाही. पसरून चालणारा जमाव आणि पठारावर चढविलेल्या मोटारी यांनी मात्र तो थर उखडला जातो.

खंड आणि निर्बंध

करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये सामूहिक मोहिमा होऊ शकल्या नाहीत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचून गडाची वाहतूकच बंद पडली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिग्पाल लांजेकर दिग्दर्शित ‘पावनखिंड’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि खिंडीचे नाव महाराष्ट्रभर नव्याने घरोघरी पोहोचले.

१४ जुलै २०२४ रोजी, म्हणजे ऐन मोहिमांच्या दिवसांत, विशाळगडावरील अतिक्रमणांच्या प्रश्नावरून हिंसाचार उसळला. त्यात पायथ्याच्या गजापूर येथील घरांची व प्रार्थनास्थळाची मोडतोड झाली. त्यानंतर प्रशासनाने परिसरात जमावबंदी लागू करून पर्यटकांना विशाळगडावर जाण्यास मनाई केली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने समाविष्ट केलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, विशाळगड व पावनखिंड नाहीत.