‘केव्हाही ये’ म्हणजे नेमकं केव्हा?

काही वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा संशोधनाचा अनुभव घ्यायला आला. प्रोफेसरांनी तो माझ्या गळ्यात बांधला. मी ऐटीत सांगून टाकलं, "काही अडलं तर केव्हाही ये." झालं! पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला दारात हजर. मी उगवलो नऊला. तोवर हा तिथेच उभा! काम चोख, पण मीटिंगमध्ये शब्द नाही आणि नजरेला नजर नाही. सेमिस्टर संपताना मी मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘संवादकौशल्य’ या रकान्यात पाचपैकी दोन गुण दिले आणि विसरून गेलो. आपण स्वमग्न (म्हणजे ऑटिस्टिक) आहोत हे त्याने नंतर निरोपाच्या ईमेलमध्ये एका ओळीत कळवलं. गुण बदलता येतील का म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, मुदत संपली.

ते दोन गुण टोचत राहिले, म्हणून वाचायला लागलो.

१९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर तो प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, पुढे मिसिसिपीतल्या मिलसॅप्स कॉलेजातून १९५८ साली पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी केली आणि २०२३ साली वारला. म्हणजे स्वमग्न मुलगा कॉलेजात जाऊ शकतो की नाही, याचं उत्तर पहिल्याच ‘केस’ने देऊन ठेवलं होतं! (अर्थात घरची बँक होती, हेही खरं.)

पण मला जास्त भावली ती टेम्पल ग्रँडिन यांची गोष्ट. ॲरिझोनात सावत्र वडिलांच्या बहिणीच्या रँचवर त्यांनी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा पाहिला. दाबाने गुरं शांत होतात म्हणून स्वतः त्यात शिरल्या, आणि घाबरलेलं मन निवलं. मग तसलंच यंत्र स्वतःसाठी बनवलं. हे खूळ मोडून काढावं असं मानसतज्ज्ञांना वाटत होतं. विज्ञानाचे शिक्षक विल्यम कार्लॉक मात्र म्हणाले, दाबाने बरं का वाटतं ते शोधून काढ, शोधनिबंध वाचायला शीक. कॉलेजात ग्रँडिननी तेच यंत्र स्वमग्न नसलेल्या चाळीस विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं. १९८९ साली इलिनॉय विद्यापीठातून पशुविज्ञानात डॉक्टरेट! कार्लॉकनी ना खूळ मोडलं, ना कौतुक करून सोडून दिलं; त्याचा प्रश्न करून दिला. माझ्या मते रिसर्च गाइडचं काम इतकंच असतं, पण आमच्यापैकी कितीजणांना जमतं?

आता सिंगापूर. इथला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००० साली झाला, २००३ पासून लागू झाला, पण विशेष गरजा असलेली मुलं त्यातून वगळलेली. सूट म्हणायचं त्याला! त्यांना कायद्यात यायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात वाट काढली ती पालक आणि स्वयंसेवकांनी. ऑटिझम रिसोर्स सेंटरने जानेवारी २००४ मध्ये पाथलाइट शाळा सुरू केली. तिथला अभ्यासक्रम नेहमीच्या शाळांचाच, परीक्षाही त्याच, पीएसएलई नि ओ-लेव्हल. फक्त वर्ग लहान आणि दिनक्रम आखीव. शिवाय शेजारच्या सामान्य शाळांत या मुलांचे वर्ग भरतात आणि मधली सुट्टी सगळ्यांची एकत्र. ही मुलं पॉलिटेक्निकांत, विद्यापीठांत पोचणार हे उघड होतं. २०१४ साली सरकारी अनुदानावरच्या सर्व उच्चशिक्षण संस्थांत अपंग विद्यार्थ्यांसाठी साहाय्य कार्यालयं निघाली. (आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं, ते २०१६ च्या कायद्यात आलं, तेव्हा उच्चशिक्षणातली राखीव जागांची तरतूदही पाच टक्के झाली. कागदावर आपण फार मागे नाही.)

ही कार्यालयं परीक्षेला जादा वेळ आणि शांत खोली देऊ शकतात. लॅबमध्ये मात्र परीक्षा नसते, अलिखित नियम असतात. प्रोफेसरांचं ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे ‘सोडून दे’, हे कुठल्या हँडबुकात लिहिलंय? पदवीच्या मुलांना लॅबमध्ये घेण्याची पद्धत एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली बसवली. एनयूएस, एनटीयूमध्येही असे उपक्रम आहेत. उत्तम कल्पना, पण तिचा सगळा भार माझ्यासारख्या मधल्या माणसावर. आणि आम्हाला कोणी शिकवलंय? मीही पीएचडीत चाचपडतच शिकलो. मराठी मुलगा जर्मन गाइडसमोर गप्प बसला की त्याला ‘लाजाळू’ म्हणत, एवढाच फरक.

त्या मुलाची लॉगबुकं मी नंतर उघडली. सेन्सरचं रीडिंग रोज दुपारी दोननंतर सरकतं, असं तारीखवार सात आठवडे लिहिलेलं होतं. एसीची वेळ! मी ती चूक आणखी चार महिन्यांनी शोधली आणि वर शाबासकीही घेतली. तो मीटिंगमध्ये बोलला नाही, कारण मी विचारायचो, "सगळं ठीक ना?" आणि त्याचं काम ठीकच चाललं होतं.

त्याला ईमेल करून हे सगळं कळवलं, माफीही मागितली. उत्तर आलं: "पान ४१ वर आलेख आहे."

आता येणाऱ्या प्रत्येक मुलाला, स्वमग्न असो वा नसो, मी एक कागद देतो: भेट मंगळवारी तीन वाजता, अर्धा तास, आधी साधारण दोन पानं लिहून आण, काय बिघडलं ते पहिलं लिही. गेल्या सत्रातल्या मुलीने तो कागद तिथेच उभ्याउभ्या वाचला आणि विचारलं, "साधारण दोन म्हणजे दीड चालेल?"

कागद परत घेऊन ‘साधारण’ खोडलं.