बेगडाची महती

आमच्या चिरंजीवांना शाळेच्या स्नेहसंमेलनात रोमन शिपायाचं काम मिळालं. काम कसलं, सम्राटाच्या मागे खांबासारखं उभं राहायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. (या कामाचा मला घरी वीस वर्षांचा सराव आहे.) शिरस्त्राण मात्र ज्याचं त्यानं आणायचं होतं.

एका पुस्तकात नेदरलँड्समधल्या डर्नेच्या शिरस्त्राणाचं चित्र सापडलं. मी पुठ्ठ्याची टोपी केली आणि पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद तिच्यावर चढवला. टोपी गोल, कागद सपाट, सुरकुत्याच सुरकुत्या! "उद्या डबा कशात बांधू?" ही म्हणाली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे अगदीच बेगडी दिसतंय."

तो शब्द लागला. चित्र पुन्हा नीट पाहिलं. रोमन कारागिरानं पत्रा तुकड्यातुकड्यांनी बसवून डोक्यावरचा सांधा उभ्या पट्टीखाली लपवला होता. मीही तसंच केलं. घडीच्या टॉवेलावर कागद उलटा ठेवून बॉलपेननं टिंबं दाबली, झाले खिळे!

गंमत म्हणजे मूळ शिरस्त्राणही बेगडीच. आत लोखंड, वर चांदीचा पातळ पत्रा आणि त्यावर सोन्याचा मुलामा. असं मढवणारे कारागीर सरकारी नोकर असत, तेव्हा कामाचा हिशेब आलाच. इ.स. 374 चा एक हुकूम आहे : अंटिओकचा कारागीर तीस दिवसांत 8 शिरस्त्राणं मढवतो, कॉन्स्टँटिनोपलचा 3च, तेव्हा इथंही 6 झालीच पाहिजेत! आमचे साहेब याहून वेगळं काय बोलतात?

डर्नेचं शिरस्त्राण इ.स. 320 च्या सुमारास दलदलीत गेलं आणि 1910 साली जळणासाठी चिखल खणताना वर आलं. त्यावर घोडदळाच्या पलटणीचं नाव आहे, चांदीचं वजनही आहे. नाही ते लोखंड! वार झेलायचं खरं काम ज्याचं, ते गंजून विरघळलं; सोळाशे वर्षांनी लायडनच्या संग्रहालयात मिरवतंय ते वरचं बेगड.

नाटकाला मला शेवटच्या रांगेत जागा मिळाली. तिथून सम्राट कोण, सेनापती कोण, काही कळेना. मागच्या अंधारात एक डोकं तेवढं लखलखत होतं.

"बाबा, मी दिसलो?" चिरंजीवांनी बाहेर येताच विचारलं.

"तूच दिसलास," मी म्हणालो. आणि यात बेगडी काहीही नव्हतं.