देवापुढचा हिशेब

ख्रिस्ती जीवन कसे उभारावे आणि आपल्या वागण्याचा जाब देवापुढे कसा द्यावा, हा प्रश्न व्याख्यानाच्या व्यासपीठावर निघाला, की श्रोत्यांना साहजिकच वाटते, आता आपल्याला जेरुसलेमला किंवा रोमला जावे लागणार. आम्ही मात्र त्यांना देहूला नेणार आहोत. मराठी मुलखात ज्यांनी हा प्रश्न मोठ्या खरेपणाने जगून पाहिला, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीच सांगून ठेवले आहे, की आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. पूल म्हटला की त्याला दोन तीर आले. पैलतीराची चर्चा पुष्कळ झाली आहे. ऐलतीरावर हा पूल नेमका कोठे टेकला आहे, तेवढे आज पाहावे, असा आमचा हेतू आहे.

देहूच्या मोरे घराण्यात महाजनकी होती, वाण्याचे दुकान होते, देवघेवही चालत असे. इ. स. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला, आणि हे सारे वैभव त्यात वाहून गेले. आपल्या एका आत्मपर अभंगात तुकोबांनी ही कहाणी स्वतःच सांगितली आहे. आईबाप गेले, द्रव्य आटले, मान गेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली. त्यानंतरची हकिकत परंपरेने जपली आहे आणि महिपतींनी इ. स. १७७४ मध्ये पुरे केलेल्या ‘भक्तलीलामृता’त ती विस्ताराने येते. तुकोबांना डोंगरावरून शोधून आणल्यावर धाकटे बंधू कान्होबा यांच्यासह ते इंद्रायणीच्या काठी बसले, आणि लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खतपत्रे त्यांनी पुढे घेतली. त्यांचे दोन वाटे केले. निम्मे कान्होबांना दिले. स्वतःच्या वाट्याचे निम्मे डोहात सोडून दिले.

महिपतींचे लेखन तुकोबांच्या प्रयाणानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी झालेले आहे, तेव्हा ह्या कथेतील बारीकसारीक तपशील इतिहास म्हणून जसाच्या तसा घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु परंपरेने काय लक्षात ठेवले, हाही इतिहासाचाच भाग असतो. आणि ह्या कथेत कीर्तनकारांच्या उत्साहात सहसा निसटून जाणारी एक गोष्ट आहे : तुकोबांनी सगळी खते बुडविली नाहीत. भावाच्या हिश्श्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे सोपे असते. आधी वाटणी चोख करायची, आणि मग आपल्या वाट्याचा त्याग करायचा, ही वाण्याच्या पोराची रीत. हिशेब नीट केला म्हणूनच त्या हिशेबातून सुटण्याला अर्थ आला.

आता पैलतीराकडे पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. एका राजाने आपल्या चाकरांचा हिशेब घ्यायला आरंभ केला. एका चाकराकडे दहा हजार तालंतांचे देणे निघाले. त्या काळी एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे! ते फिटण्याची गोष्टच नको. चाकराने पाय धरले, राजाला दया आली आणि त्याने सर्व कर्ज सोडून दिले. तोच चाकर बाहेर पडला, आणि ज्याच्याकडे आपले अवघे शंभर दिनार येणे होते त्या सोबत्याची मानगूट धरून त्याने त्याला तुरुंगात टाकविले. राजाला हे कळले तेव्हा माफी रद्द झाली. ह्या दाखल्याप्रमाणे, देवाने सोडलेले कर्ज आणि आपण सोडावयाचे कर्ज ही दोन वेगळ्या वह्यांत लिहिलेली नाहीत. देवापुढचा जाब द्यावा लागतो तो शेजाऱ्याच्या खात्यावर.

इंद्रायणीच्या काठी बसलेला वाणी आणि ह्या दाखल्यातील चाकर यांना शेजारी शेजारी उभे करून पाहा, म्हणजे टिळकांचा पूल कोठे टेकतो ते कळेल. तुकोबांना ख्रिस्ती ठरविण्याचा खटाटोप कोणी करू नये. ते विठ्ठलाचे होते आणि विठ्ठलाचेच राहिले. परंतु माणूस देवाचा ऋणी आहे, म्हणून त्याने दुसऱ्या माणसाच्या उरावर बसू नये, हे ज्याच्या कानांवर लहानपणापासून अभंगांतून पडले होते, त्याला शुभवर्तमान हाती आल्यावर ते परदेशचे वाटले नाही, यात नवल नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. राजनांदगावकडे नोकरीसाठी जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. पुढे पुष्कळ वाचन आणि मनाची ओढाताण होऊन १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चरित्रकार बहुधा येथे पडदा पाडतात. आम्हांस वाटते, खरा हिशेब येथून सुरू झाला. बाप्तिस्मा ही एका दिवसाची गोष्ट. त्या दिवसाची किंमत कोणी चुकविली, हे पुढची वर्षे सांगतात.

ती किंमत प्रथम लक्ष्मीबाईंनी चुकविली. नवऱ्याने धर्म बदलला, तिला विचारले नाही. आणि एका कर्मठ ब्राह्मण घरात वाढलेली ती बाई लहान मुलासह नातेवाइकांच्या आसऱ्याने राहिली. देहूच्या जिजाईची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. नवरा डोंगरावर बसला असता भाकरी घेऊन तो चढ चढणाऱ्या जिजाईला लोकांनी कजाग ठरविले. पण खते बुडाली तेव्हा घरची चूल कशी पेटणार, ही काळजी तिलाच होती. संतांच्या त्यागाचा अर्धा खर्च त्यांच्या घरच्या बायका सोसतात, आणि तो जमाखर्चात कोठेच मांडला जात नाही. जिजाईला आपली बाजू लिहून ठेवता आली नाही. लक्ष्मीबाईंनी मात्र ती लिहिली. इ. स. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे टिळकांच्या जीवनाची, एका परीने, तपासनिसाने लिहिलेली वहीच होय. त्यात टिळकांचा विसराळूपणा आहे, संताप आहे, हातातला पैसा भलत्यालाच देऊन मोकळे होणे आहे. आणि ह्या सर्वांवर हसणारी, रडणारी, पण अखेर क्षमा करणारी एक बाई आहे.

येथे एक गोष्ट टिळकांच्या जमेस धरली पाहिजे. सन १८६६ च्या एका कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला, त्याची पत्नी धर्मांतरामुळे नांदावयास येत नसेल तर, कोर्टातून विवाह मोडून घेण्याची मोकळीक होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपल्या सोवळ्याओवळ्यासह आल्या, आणि टिळकांनी त्यावर सक्ती केली नाही. जातिभेद माणसांनी केला की देवाने, याचा विचार करता करता तो माणसांचाच आहे असे त्यांच्या मनाने घेतले, तेव्हा त्यांनी तो आपण होऊन सोडला, आणि इ. स. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या घरात एकाची श्रद्धा दुसऱ्यावर लादली जात नाही, त्या घरात ख्रिस्ती जीवनाचा पाया घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा जाब टिळकांना आपल्या देशबांधवांना द्यावयाचा होता. धर्म बदलला म्हणून देश बदलला काय, असे त्यांना विचारले जाई. त्यांचे उत्तर त्यांच्या लेखणीत आहे. त्यांनी उपासनेची गीते मराठी वळणाची केली, अभंग लिहिले, भजन-कीर्तन ख्रिस्ती मंडळीत आणले. बालकवींसारखा कवी आपल्या घरी मुलासारखा वागविला. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. तिसरा जाब मंडळीला होता, आणि तो सर्वांत कठीण. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी वीसबावीस वर्षे काम केले होते, इ. स. १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली होती. परंतु पगार घेऊन सांगितलेला ख्रिस्त लोकांना परका वाटतो, हे शल्य त्यांना टोचत असे. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही, ख्रिस्ताचे शिष्य म्हणून, एकत्र जागा होती. पुरती दोन वर्षेच हाती आली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला आणि तो दरबार फारसा टिकला नाही.

संस्था बुडाली म्हणून जीवन फसले, असे आम्हांस वाटत नाही. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, हातचा पगार सोडून, संसार डोक्यावर असताना, हा मनुष्य पुन्हा एकदा आपल्या वाट्याची खतपत्रे डोहात सोडावयास निघाला होता. यात तुकोबांचा वारसा दिसतो. फरक इतकाच, की ह्या वेळी त्याची सहधर्मिणी मागे उभी नव्हती. ती बरोबर चालत होती.

आता देहू पूर्वीचे खेडे राहिलेले नाही. एका अंगाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या अंगाला चाकणचे कारखाने. आणि अलीकडच्या वर्षांत आळंदीजवळ इंद्रायणीच्या पाण्यावर सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे. ज्या पाण्यात एका वाण्याने दुसऱ्यांची कर्जे बुडविली, त्याच पाण्यात आपण आपली देणी गुपचूप सोडून देत आहोत. धर्म कोणताही असो, देवापुढे हिशेब द्यावयाचा असेल, तर आधी तीरावर बसून वाटे करावे लागतील : ह्यातले दुसऱ्याचे कोणते, आणि आपले कोणते? तुकोबांनी तेथून आरंभ केला होता. टिळकही तेथूनच निघाले होते.