मीटर कुणाचा, सील कुणाचे? : घरगुती वीजमापनाचा इतिहास

देशभर जुने वीज मीटर काढून त्यांच्या जागी स्मार्ट मीटर बसवण्याचे काम सुरू आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेने सुमारे २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. मीटर बदलायचाच असेल, तर घरमालकाने तो स्वतः का बदलू नये? नळाची तोटी, पंख्याचा रेग्युलेटर, गॅसचा सिलिंडर या गोष्टी लोक घरच्या घरी बदलतात. एकफेजी मीटर म्हणजे शेवटी चार टर्मिनलांची एक पेटी. शिवाय स्वतःचा मीटर विकत घेण्याचा हक्क कायद्याने ग्राहकाला दिलेला आहे. मग स्वतःच्या वस्तूला हात लावण्याची मुभा का नाही?

‘त्यात धोका आहे’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. मीटर हे पंख्यासारखे घरातील उपकरण नाही. तो विकणारा आणि विकत घेणारा यांच्यामध्ये उभा असलेला तराजू आहे. तराजू कुणाच्या मालकीचा, तो कुणी हाताळायचा आणि तो खोटा ठरल्यास निवाडा कुणी द्यायचा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. घरगुती वीजमापनाचा सुमारे १४० वर्षांचा इतिहास या तीन प्रश्नांभोवतीच फिरतो.

१८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीज विकायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्यापुढे ती मोजण्याची अडचण होती. त्याने रसायनशास्त्राचा आधार घेतला. झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या ठेवून ग्राहकाच्या विद्युतप्रवाहाचा अगदी लहान, ठरावीक अंश त्यातून वळवला जाई. प्रवाहामुळे एका पट्टीवरील जस्त विरघळून दुसरीवर जमा होत असे. कंपनीचा माणूस ठरावीक काळाने पट्ट्या काढून नेई, त्यांचे वजन करी आणि वजनातील फरकावरून बिल काढी. फॅरडेच्या नियमावर उभी असलेली ही पद्धत तत्त्वतः निर्दोष होती. मात्र ग्राहकाला तिच्यात काहीच दिसत नसे. मोजमाप त्याच्या घरात होई आणि वाचन कंपनीच्या प्रयोगशाळेत. बिलावर विश्वास ठेवण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नसे.

हे चित्र बदलले ते फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या शोधामुळे. इटलीतील गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये हे तत्त्व प्रयोगाने दाखवले. अमेरिकेत ऑलिव्हर शॅलेनबर्गर यांनी १८८८ मध्ये आणि बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात ओटो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाचे मीटर घडवले. त्यातून पुढे स्थिरावलेली रचना भारतीय घरांच्या व्हरांड्यांत अनेक दशके टिकली. काचेच्या खिडकीमागे आडवी फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आजच्या पालकांच्या पिढीला आठवत असेल.

या चकतीचे भौतिकशास्त्र सुंदर आहे. एक विद्युतचुंबक पुरवठ्याच्या व्होल्टेजवर चालतो, दुसरा घरात जाणाऱ्या प्रवाहावर. दोघांच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रांमुळे चकतीत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि तिच्यावर प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या शक्तीच्या प्रमाणात आघूर्ण पडते. कायमचुंबकाचा ब्रेक तिच्या वेगाच्या प्रमाणात तिला रोखतो. दोन्ही समतोल झाले की वेग शक्तीच्या प्रमाणात राहतो, आणि फेऱ्यांची संख्या म्हणजे थेट ऊर्जा. किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल, अशा रीतीने दातेरी चाकांवर मोजला गेला. वापर शून्य असतानाही चकती हळूहळू सरकू नये म्हणून तिला छिद्रे पाडलेली असत. महत्त्वाची गोष्ट अशी की ही मोजणी ग्राहकाला डोळ्यांनी दिसत होती. सगळे दिवे बंद करून चकती थांबते का, हे घरातील कुणीही पाहू शकत होते.

भारतात दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंग येथे १८९७ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १८९९ मध्ये कोलकात्याला कंपनीची वीज मिळू लागली. सरकारने विजेसाठी कायदा केला, आणि १९१० चा भारतीय विद्युत अधिनियम पुढे ९३ वर्षे चालला. त्याच्या कलम २६ मध्ये मीटरविषयीची सारी मांडणी होती. पुरवलेली वीज ‘अचूक मीटर’नेच मोजावी, हा पाया. मीटर परवानाधारक कंपनीने भाड्याने द्यावा, मात्र ग्राहकाला तो विकत घ्यायचा असल्यास तसे करता येईल. भाड्याचा मीटर अचूक ठेवण्याची जबाबदारी कंपनीची, आणि ती पाळली गेली नाही तर तेवढ्या काळाचे भाडे ग्राहकाला माफ. मीटर ग्राहकाच्या मालकीचा असेल तर तो अचूक ठेवणे ग्राहकाचे काम, आणि त्यात कसूर झाल्यास सात दिवसांची नोटीस देऊन कंपनी त्या मीटरमधून होणारा पुरवठा थांबवू शके. म्हणजे मालकी मिळाली की ओझेही येत असे.

हाताळणीचा प्रश्न त्याच कलमाने वेगळा काढला. त्याच्या सुधारित रूपानुसार मीटर वाहिनीला जोडणे किंवा तिच्यापासून तोडणे हे काम ग्राहकाने करायचे नव्हते. त्याने ४८ तासांची लेखी नोटीस द्यायची आणि कंपनीने त्या मुदतीत ते करून द्यायचे. मीटर चुकतो की नाही, असा वाद झाल्यास निर्णय ना ग्राहकाचा ना कंपनीचा. तो विद्युत निरीक्षकाचा, म्हणजे शासनाने नेमलेल्या तिसऱ्या माणसाचा. मीटर चुकीचा ठरला तर वापराचा अंदाजही तोच करी, आणि तोही सहा महिन्यांपलीकडे मागे न जाता. इतर वेळी, लबाडी नसेल तर, मीटरवरची नोंद हाच निर्णायक पुरावा. मालकी, हाताळणी आणि निवाडा यांची इतकी स्वच्छ वाटणी त्या वसाहतकालीन कायद्यात होती.

हाताळणी ग्राहकाकडून काढून घेण्यामागे केवळ चोरीची शंका नव्हती. घरातील मुख्य स्विच मीटरच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला असतो. तो बंद केला तरी खांबावरून आलेली तार मीटरच्या टर्मिनलपर्यंत २३० व्होल्टवर जिवंतच राहते. त्या जागी चुकून फेज आणि न्यूट्रल एकत्र आले, तर प्रवाहाला रोखण्यासाठी घरातील एकही एमसीबी आड येत नाही. केवळ कंपनीच्या बाजूचा फ्यूज आणि तारेचा रोध एवढेच उरतात. क्षणार्धात पेटणारी ठिणगी चेहरा आणि हात भाजू शकते.

दुसरा धोका शांतपणे काम करतो. टर्मिनलचा स्क्रू थोडा सैल राहिला आणि त्या जोडाचा रोध ०.०५ ओहम झाला असे समजू. त्यातून ३० अँपिअर प्रवाह गेला, तर ३० चा वर्ग गुणिले ०.०५, म्हणजे ४५ वॅट उष्णता त्या एका बिंदूवर निर्माण होते. विद्यार्थी वापरतात ते सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटचे असते. बंद प्लॅस्टिकच्या पेटीत ही उष्णता तासन्‌तास साचत राहते. तीनफेजी जोडणीत न्यूट्रल सैल राहिला, तर फेजांमधील व्होल्टेजची विभागणी बिघडते आणि काही उपकरणांवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपासचा ताण येऊ शकतो. मीटर ‘चालू झाला’ म्हणजे जोडणी योग्य झाली असे नसते. चूक आठवड्यांनी, आग लागल्यावर कळते.

२००३ च्या विद्युत अधिनियमाने १९१० चा कायदा संपवला, पण मीटर विकत घेण्याचा पर्याय कलम ५५ मध्ये कायम ठेवला. त्याच कलमाने अचूक मीटरविना होणारा पुरवठा दोन वर्षांत बंद करण्याचे बंधन घातले. त्याला कारण होते. १९७० च्या दशकापासून अनेक राज्यांत शेतीपंपांना ठोक दराने वीज दिली जात होती, आणि १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या कुटीर ज्योती योजनेतून गरीब घरांना मिळालेल्या एका दिव्याच्या जोडण्यांतही मोजणीला फारसे स्थान नव्हते. गळती किती आणि वापर किती, हे सांगता येत नव्हते. मीटरमधील ढवळाढवळ कलम १३५ खाली वीजचोरीत गणली गेली आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २००६ मध्ये मीटरविषयक विनियम काढले. त्यांत ग्राहकाच्या मालकीबद्दल एक विलक्षण तरतूद आहे. ग्राहकाने विकत घेतलेला मीटर परवानाधारकाने तपासावा, बसवावा आणि सील करावा, आणि तो पुरवठा यंत्रणेतून कायमचा काढल्यानंतरच ग्राहकाने त्यावर आपली मालमत्ता म्हणून दावा करावा. भिंतीवर काम करत असेपर्यंत तो मीटर ग्राहकाच्या पैशाचा असला, तरी ग्राहकाच्या हातातला नाही. ही तरतूद प्रथम खटकते. पण तराजूची उपमा लक्षात घेतली की तिचा अर्थ लागतो. गिऱ्हाईकाने स्वतःचा तराजू दुकानात आणला, तरी तोलताना त्याच्या पारड्यावर त्याने हात ठेवायचा नसतो.

मात्र याच उपमेने आजच्या व्यवस्थेतील उणीवही दिसते. किराणा दुकानात तराजू दुकानदाराचा असतो, पण त्यावरील शिक्का वैधमापन निरीक्षकाचा असतो. विजेच्या बाबतीत तराजू बहुधा विक्रेत्याचा, तो बसवणारा हात विक्रेत्याचा, आणि उत्पादकाच्या सीलानंतर त्यावर पडणारे सीलही विक्रेत्याचेच. घरमालकाला स्वतः मीटर बदलावासा वाटतो, तो सहसा हौसेपोटी नव्हे. तक्रारीचा निवाडा प्रतिपक्षच करणार, या भावनेतून ती इच्छा जन्म घेते.

चकतीचे मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तेव्हा ‘नवा मीटर पळतो’ ही तक्रार सर्वत्र ऐकू आली. तिचे एक कारण भौतिक होते. वर्षानुवर्षे फिरून चकतीचे बेअरिंग झिजते आणि घर्षण वाढते. विशेषतः अल्प भारावर ती मंद चालते किंवा थांबते. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये फिरणारा भाग नसल्याने चार्जर, स्टँडबायवरील टीव्ही यांचा किरकोळ वापरही तो नोंदवतो. जुना मीटर हळू होता म्हणून नवा जलद वाटला, असे अनेकदा घडले असणार. पण म्हणून प्रत्येक तक्रार भ्रामक ठरत नाही. कोणती तक्रार खरी, हे तटस्थ मोजणीशिवाय सांगता येत नाही.

स्मार्ट मीटरने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. भारतीय मानक आयएस १६४४४ नुसार बनणारा हा मीटर दोन्ही दिशांनी संदेशवहन करतो. पुरवठादार दूरवरून वाचन घेऊ शकतो, तसेच वीज तोडू आणि जोडू शकतो. शंभर वर्षे सीलाचा अर्थ असा होता की ते अखंड असेल, तर पेटीला कुणीही हात लावलेला नाही. आता सील अखंड असतानाही एका पक्षाची आज्ञा पेटीच्या आत पोहोचते. दुसऱ्या पक्षाला मात्र स्क्रूही सोडवता येत नाही. हाताळणीतील ही विषमता आवश्यक असेलही, पण मग तिसऱ्या माणसाचे बळ त्याच प्रमाणात वाढायला हवे.

त्या दिशेने काही पावले पडली आहेत. २००६ च्या विनियमांत ग्राहकांचे मीटर किमान पाच वर्षांतून एकदा तपासण्याचे आणि प्रयोगशाळांना राष्ट्रीय मान्यता घेण्याचे बंधन आहे. ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या २०२० च्या नियमांत २०२४ मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार नोंद प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास पाच दिवसांत जोडीला दुसरा पडताळणी मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्ही नोंदी ताडून पाहायच्या. घरमालकाच्या हातातील स्क्रूड्रायव्हरपेक्षा हे साधन कितीतरी प्रभावी आहे. एका मीटरच्या जागी दुसरा लावल्याने पहिल्याची चूक सिद्ध होत नाही. दोन मीटर एकाच तारेवर एकाच वेळी चालले, तरच ती सिद्ध होते.

सील न तोडता ग्राहकाला एक प्राथमिक पडताळणीही करता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, ते पेटीवर छापलेले असते. समजा, तो आकडा ३२०० आहे. इतर सर्व उपकरणे बंद ठेवून १००० वॅटचा साधा हीटर सहा मिनिटे चालवला, तर ०.१ युनिट खर्च होईल आणि दिवा सुमारे ३२० वेळा लुकलुकेल. येथे एक सावधगिरी हवी. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. व्होल्टेज २१० वर आले, तर २३० व्होल्टला १००० वॅट घेणारा हीटर सुमारे ८३४ वॅटच घेईल आणि मोजणी साधारण २६७ वर येईल. म्हणून ही चाचणी निवाडा देत नाही. तक्रार करण्याजोगे काही आहे का, एवढेच ती सांगते.

घरमालकाने मीटर स्वतः बदलू नये, हा निष्कर्ष १९१० मध्ये योग्य होता आणि आजही आहे. परंतु १९१० च्या कायद्याने ग्राहकाचा हात बाजूला केला, तेव्हा कंपनीला ४८ तासांच्या मुदतीने आणि निरीक्षकाच्या निवाड्याने बांधले होते. मनाईचे अर्धे कलम टिकवायचे आणि बंधनाचे अर्धे विसरायचे, असे होता कामा नये. पडताळणी मीटर मागणे हा आता ग्राहकाचा हक्क आहे, आणि मीटरविषयी शंका असणाऱ्या घराने पहिला लेखी अर्ज त्यासाठीच करावा.